जोडलेला हात

हत्तीचा सुळा म्हणजे शेवटी दातच.
करवत लागली की जळक्या हाडाचा वास सुटतो,
भाताच्या पातेल्यावर येऊन बसतो,
माझ्या केसांत, बाळाच्या दुपट्यात.
ओंग कियात म्हणायचा, नाक मुरतं हळूहळू.
माझं नाही मुरलं.

आम्ही पारियानात राहायचो, मनिलाच्या तटाबाहेर.
तटावरच्या तोफांची तोंडं समुद्राकडे कमी
आणि आमच्याकडे जास्त.
तो फुकिएनहून आलेला, गलबतातून, हत्यारांच्या पुडक्यासकट.
मी इथलीच, नदीकाठची,
कपाळावर पाणी पडून अपोलोनिया झालेली.

पाद्री बाल्तासार एक चित्र घेऊन आला:
खिळ्यांवर लटकलेला देव.
कियातने कागद उलटा धरला, सुलटा धरला,
रात्री मला विचारलं,
माणूस असा लटकला की पोट आत जातं का बाहेर येतं?
त्याच्या गावचे देव मांडी घालून बसत,
पोट सुटलेले, हसरे.
मी म्हटलं, धक्क्यावर जा,
पोती चढवणारे बघ.
तीन दिवस तो धक्क्यावर बसला.
येशूच्या बरगड्या तिथल्या आहेत.

सुळा मुळात वाकडा.
म्हणून देवही डावीकडे कलला,
कुणी मागून हाक मारावी तसा.
पाद्री म्हणाला, सरळ कर.
कियात म्हणाला, हत्तीला सांगा.
दुभाष्याने काय सांगितलं कोण जाणे,
पाद्रीने समाधानाने मान हलवली.

घासायचं काम माझं.
आधी मुशीच्या कातड्याने,
मग इस-इसच्या खरखरीत पानाने,
शेवटी नुसत्या तळव्याने,
इतकं की माझ्या हातावरच्या रेषा गेल्या
आणि देवाला कांती आली.

हात वेगळे कोरतात, मागाहून खुंटीने जोडतात.
एका सुळ्यातून पसरलेले दोन हात निघत नाहीत.
उजवा रात्रभर नारळाच्या शिरक्यात भिजवून
मऊ करून पाटावर ठेवला होता.
बाळाला तेव्हा दात येत होते,
लाळ गळायची, हिरड्या शिवशिवायच्या, दिसेल ते तोंडात.
मासे साफ करून मी वळले तर
देवाचा हात खांद्याकडून त्याच्या तोंडात,
आणि तो मन लावून चावतोय.
हा दाखवायचा दात, खायचा नव्हे,
हे त्याला कुणी सांगावं?

चार खाचा. तांदळाच्या कणीएवढ्या.

मी रडकुंडीला आले. दोन महिन्यांची मजुरी,
वर पाद्री कशाचा काय अर्थ लावेल.
कियातने हात दिव्यापाशी धरला. बराच वेळ.
मग खाचा काखेकडे वळवून
खुंटी ठोकली.
मी विचारलं, घासू?
नको, म्हणाला,
याच्या अंगावरच्या बाकी सगळ्या जखमा
मोठ्या माणसांनी केल्यात.

कोंड्यात बांधून पेटी गलबतावर चढली.
आकापुल्कोपर्यंत समुद्र, पुढे खेचरं,
पुढे डोंगर म्हणे, आणि त्यापुढे कुठलं गाव
ते पेटीवर लिहिलं होतं, मला वाचता येत नव्हतं.

मग पारियान जळालं.
नदीपलीकडे पळाले त्यांत कियात होता.
परतले त्यांत नव्हता.
हत्यारं मी राखेतून वेचली. मुठी जळाल्या होत्या,
पाती मात्र तशीच.

पोराचे ते दात केव्हाच पडले,
नवे आले, त्यांतला एक किडलासुद्धा.
तो शिडं शिवतो, पानं थुंकतो,
हस्तिदंताला शिवत नाही.
ही गोष्ट सांगितली की म्हणतो, आई, तुझं काहीतरीच.
कबुलीजबाबात मी ती अजून सांगितलेली नाही.

शुक्रवारी देवळात सगळे गुडघ्यावर बसून
त्याच्या जखमा मोजतात:
हातांच्या दोन, पायांच्या दोन, कुशीतली एक.
पाच झाल्या की थांबतात.
माझे ओठ
आणखी चार वेळा हलतात.