मंगळवारी गेट बंद असते

मंगळवारी गेट बंद असते.
त्या दिवशी वाघाला सुट्टी, आम्हाला इंग्रजी.
समाजमंदिरात सतरंजी, अकरा गाइड,
दोन जिप्सीवाले, रिसॉर्टमधला एक कूक
आणि ब्रह्मपुरीहून बसने येणारे चौखे सर,
खिशात खडू, डब्यात भात.

पुस्तकावर लिहिलं आहे, अप्पर इंटरमिजिएट.
म्हणजे माडीवर नाही, अंगणातही नाही,
जिन्यात, सर म्हणाले. बसा तिथंच.

पुस्तकातला जॉन अजून पोचला नाही.
ही मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन.
जॉनचं आम्हाला काय!
सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, पाणवठ्यावर चला.

चिखलात ठसा. कडा धारदार,
आत पाणी अजून झिरपून राहिलं :
मस्ट हॅव. गेलाच असणार, आत्ताच.
ठशावर चितळाचा खूर :
माइट हॅव. रात्री कधीतरी गेला असेल.
ठसा सुकून तडकलेला, त्यात मुंग्यांनी घर केलेलं :
कान्ट हॅव. आज? नाही बाप्पा.
माझा बाप शाळेत गेला नाही,
पण या धड्यात त्याला पैकीच्या पैकी.

पुण्याकडचे पाहुणे आमच्या
‘काय करून राहिली’ला हसतात.
सर म्हणतात, हसू द्या.
आय हॅव बीन वेटिंग त्यांना घोकावं लागते,
तुम्ही तर जन्मापासून वाट पाहून राहिले.

चहा स्ट्राँग, पाऊस हेवी. उलटं चालत नाही.
काहून, सर?
काहून म्हणजे? मोह वेचतात,
तेंदू तोडतात, धान रोवतात.
मोह तोडला म्हणाल तर गाव काय म्हणेल?
कूक म्हणाला, पाव्हना आहे म्हणेल.

मी अडले ती आर्टिकलपाशी.
एवढंसं अक्षर, मराठीत त्याला जागाच नाही.
पहिल्यांदा सांगाल तर अ,
ओळख झाली की द.
एक वाघ दिसला. तो वाघ झोपला होता.
बस, एवढंच, सर म्हणाले.

गुरुवारच्या फेरीत
लांब लेन्सवाल्या मॅडमनी विचारलं,
इथं कुणाला मारलं का कधी त्यानं?
मी म्हटलं, अ वुमन वॉज कॅरीड ऑफ, मॅडम,
लास्ट एप्रिल, व्हाइल शी वॉज कलेक्टिंग फ्लॉवर्स.
पॅसिव्ह बरोबर. फ्रेजल व्हर्ब बरोबर.
कुठंही अडखळले नाही.
मॅडम म्हणाल्या, युवर इंग्लिश इज एक्सलंट,
आणि कॅमेरा वळवला
द टायगरकडे.

त्याला नंबर आहे. लाडाचं नाव आहे.
गेटजवळच्या दुकानात, साडेतीनशे रुपयांच्या
टी-शर्टवर त्याचा चेहरा आहे.
आणि ती, अ वुमन.
जशी माझी तिची ओळखच नव्हती.
जसं मोहाच्या फुलातले केसर झटकून
फूल कसं चोखायचं, हे मला
दुसऱ्याच कुणी शिकवलं.
फ्लॉवर्स! मॅडमना वाटलं असेल,
देवाला वाहायला.

पुढच्या मंगळवारी मी वहीत तेच वाक्य लिहिलं,
द वुमन, असं.
सरांचं लाल पेन वर आलं आणि थांबलं.
कोण?
माझी मोठी माय, मी म्हटलं. नाव सांगितलं.
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग त्यांनी ‘द’वर काट मारली, ‘वुमन’वरही,
आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं :
विशेषनामाआधी आर्टिकल लागत नाही.

बयना श्रीरामे वॉज
एवढं लिहून झालं तोवर
सरांची सहाची बस फाट्यावर हॉर्न देऊन राहिली होती.

आता बुधवार, पहाट, गाडीत पाच पाहुणे.
वही घरी, वाक्य ‘वॉज’पाशी.
रस्त्याच्या फुफाट्यात ठसा, कडा धारदार.
मस्ट हॅव, मी म्हणते,
आणि ड्रायव्हरला हात करते,
हळू.