वहीतली मापं

हेल्वेची वही आता माझ्याकडे आहे.
निळा पुठ्ठा, कोपऱ्यावर सांडलेलं मेण,
आत तीस वर्षांचं गाव
छाती, कंबर, बाही, डोक्याचा घेर
अशा चार रकान्यांत उभं.
लेम्बित, मासे धुरवणारा:
आधी दरोडेखोर, मग पाद्री, मग नुसतंच भूत.
वैके, टपाल कचेरीतली: सात वेळा राणी,
आणि दोनदा तिची कंबर
तिच्या नवऱ्याआधी या वहीला कळलेली.
हेल्वे कुणाला बोलली नाही,
फक्त तिसऱ्या अंकासाठी घेर वाढवून ठेवला.

पेइप्सी तलाव गोठला की आमच्या तालमी सुरू होतात.
कापडाला पैसे नसतात. कधीच नव्हते.
लष्कराची कांबळी आहेत, ते गेले तेव्हा मागे राहिलेली,
वारलेल्या डॉक्टरीणबाईंचा सशाचा कोट आहे,
आणि कांदा. इथे दारोदार कांदा.
सालींचं पोतं उकळून घेतलं
की करड्या कांबळ्याला जुन्या पितळेचा रंग चढतो.
आठवडाभर माझ्या केसांना वास,
दुकानातली पोरगी नाक मुरडून म्हणते,
यंदा राजा आहे वाटतं नाटकात.

चिलखत सुतळीचं विणायचं,
वर धुराड्याचा चंदेरी रंग.
पाचव्या रांगेपासून मागे ते लोखंड असतं.
पुढच्या चार रांगांत नातेवाईक बसतात,
त्यांना सुतळी दिसली तरी चालते.

उर्मास शाळेची बस चालवतो.
राजा तोच. दुसऱ्या कुणी मागितलाच नाही.
वहीत त्याची छाती: एकशे बारा,
पाच वर्षांनी एकशे चौदा,
पुढे हेल्वेच्या हस्ताक्षरात, 'भाकरी कमी खा'.

या नोव्हेंबरात मी टेप लावली.
एकशे तीन.
पुन्हा लावली. तो छताकडे बघत होता,
तिथे बघण्यासारखं काही नाही, एक बंद पंखा आहे.
टेपची दोन टोकं माझ्या चिमटीत,
आणि आतून त्याचा श्वास
जिना चढल्यासारखा.
म्हणाला, बाराच लिही.
मी बारा लिहिलं.
मग जाता जाता, दाराशी:
राजाला खिसा असतो का गं?
नसतो, म्हटलं. पण शिवते.

अंगरखा एकशे बाराचा बेतला.
कांबळ्यावर कातर चालवताना
बेतणं हा शब्द दुसऱ्या कशाला वापरतात
ते आठवू नये म्हणून रेडिओ मोठा केला.
रात्री अस्तराच्या आत कापूस भरला,
एक थर, त्यावर धावदोरा,
दुसरा थर, खांद्याला तिसरा.
जे अंगावर नव्हतं ते अंगरख्यात घातलं.
कुठलीच शिवण काठोकाठ घेतली नाही,
सगळीकडे दोन बोटं माया सोडली.
हेल्वेची एवढी एकच शिकवण होती,
बाकी सगळं ती ओरडायची.

चारही प्रयोगांना राजा रुंद होता.
निळ्या उजेडात कांद्याचा रंग मरतो,
हे मी दरवर्षी विसरते.
पितळेचा राजा शेवटच्या प्रवेशात
ओल्या मातीचा दिसला.
लोक गप्प बसले. नंतर दिग्दर्शक म्हणाला,
काय कल्पना आहे! मी म्हटलं, हो.
अंगरखा त्याने स्वतः खुंटीला लावला.
खिशात मला गोळ्यांची रिकामी पन्नी सापडली,
आणि बसचं एक लहान मुलांचं तिकीट.

पुढे हिवाळा लांबला. बस दुसराच कुणी चालवायचा,
वळणावर जोरात घ्यायचा.
मी काही विचारलं नाही. वही मिटलेली बरी असते.

मे महिन्यात, कांद्याची रोपं लावायच्या दिवसांत,
उर्मास पोटमाळ्यावर आला. मध्ये दोनदा थांबत आला.
टोपी काढली. केस नव्हते, बारीक लव होती,
पिल्लाच्या अंगावर असते तशी.
हात आडवे पसरून उभा राहिला, मी सांगायच्या आधीच.

एकशे सहा.

मोठ्याने म्हटलं, पंख्यालाही ऐकू जाईल असं.
तो म्हणाला, आता खरं लिही.
मी बाराच्या खाली सहा लिहिलं,
बारा खोडलं नाही.
मग अंगरखा उलटा करून मांडीवर घेतला,
कापसाचा एक थर उसवला.
बाकीचे दोन राहू दिले.
माया तशीच आत दुमडून ठेवली.