प्रशिक्षण आणि गुणवत्तेसाठी

अजिंठा रोडला, एमआयडीसीत,
आधी जिथे प्लास्टिकच्या चटया विणायचे
तिथे आता आम्ही बसतो, चौसष्ट माणसं.
भिंतींना अजून तापल्या प्लास्टिकचा वास येतो,
मे महिन्यात जास्तच.
एसी आहे, पण तो सर्व्हरच्या खोलीला.
यंत्रं तापली की बंद पडतात.
आम्ही नाही पडत.

लॉगिन केलं की मी हर्षाली सोनवणे राहत नाही.
मी नेहा. नेहा नऊ तास हसते.
हसू आवाजात ऐकू येतं, टीएल सांगतो,
ओठ मिटले की आलेखात दिसतं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका.
हात माउसवरून निघाला की चाळीस सेकंदांत पिवळा,
नव्वदला लाल.
लघवीला सात मिनिटं, अख्ख्या दिवसाची मिळून.
पाणी किती प्यायचं
हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं,
पहिल्या आठवड्यात सगळ्याजणींना आपोआप आलं.

हातात नऊ हजार चारशे.
त्यातून हेडफोनच्या स्पंजचे दीडशे,
पाळधीच्या काळी-पिवळीचे हजारावर,
तीन मिनिटं उशीर म्हणजे अर्धा दिवस.
आई विचारते, बोलानाच पैसा देतस ना वं तुले?
मी हो म्हणते.
खरं तर न बोलण्याचे देतात.

गेल्या मंगळवारी त्र्याऐंशीवा कॉल,
कापडण्याच्या देवकाबाई.
तीनशेचं रिचार्ज, पैसे कटले, टीव्ही काळाच.
दोन वाक्यं हिंदीत म्हणाल्या, एक मराठीत,
मग चढ चढून आल्यासारख्या थांबल्या.
"मन्हा नातूनी करी दिन्हं व्हतं,
तो ते सुरतले चालना गया..."
आणि आवाज फुटला.

समोर ओळ होती: मला आपली अडचण समजते.
माझ्या तोंडून निघालं,
"रडू नको वं माय. पैसा कोठेच जात नहीत.
मी शे ना आठे."

नऊ सेकंद.

पलीकडे पंखा फिरत होता, तो ऐकू आला.
मग, "कोनता गावनी वं तू?"

नेहाला गाव नसतं.
मी आपल्याला आणखी काही मदत करू शकते का,
मी विचारलं.

शुक्रवारी शेरा आला.
अमान्य भाषा. ग्राहकाशी अनावश्यक जवळीक.
अधिकार नसताना आश्वासन.
गुण शून्य. इन्सेन्टिव्हचे आठशे गेले.
तपासणारा: लोकेश बाविस्कर.

काचेपलीकडे बसतो तो, आमच्याकडे पाठ करून.
डब्यात कळण्याची भाकर आणतो, एकटा खातो.
त्यालाही रोज चाळीस कॉल ऐकायचे असतात,
त्याच्याही कोपऱ्यात ठिपका.

सही करायला फाईल उघडली
तर तळाशी बारीक अक्षरांत
सिस्टिम स्वतःच लिहिते ती ओळ होती:
६:१२ ते ६:२१. ऐकले, अकरा वेळा.

शून्य द्यायला एकदा पुरतं.

मी सही केली.
पाणी भरायला त्याच्या दारावरून गेले,
चार मिनिटं शिल्लक होती.
त्याने मान वर केली नाही.
मीही थांबले नाही, दारावर कॅमेरा आहे
आणि आठशे रुपये म्हणजे आठशे रुपये.

संध्याकाळी काळी-पिवळीच्या मागच्या फळीवर
सातजणांत आठवी मी.
बांभोरीचा पूल आला,
खाली गिरणेत पाणी नाही, वाळूचे डंपर नुसते,
वारा मात्र एवढा की स्वतःचंही ऐकू येऊ नये.
तेव्हा म्हटलं,
पाळधीनी वं माय. पाळधीनी.

शेजारच्या बाईने मांडीवरची पिशवी सावरली,
कान पुढे केला.
"मन्हासंगे बोलनी का वं?"