सत्तावीस पॉइंट तीन

डुलुथला नोव्हेंबरात साडेचारलाच दिवे लागतात.
जिन्यावरून लेम्पी कोस्केला हाक मारते:
"चित्र आहे रे, पण नावं गेली."
मला पहिल्यांदा ऐकू येतं ते फक्त "गेली".
दोन-दोन पायऱ्या चढून वर जातो.

फ्रीजशेजारी कॉम्प्युटर. त्यातून निघालेली केबल
खिडकीच्या फटीतून छपरावरच्या अँटेनाकडे,
आणि वारा येऊ नये म्हणून फटीत कोंबलेला
आर्वोचा एक पायमोजा.
पडद्यावर बोलिंग.
कुणी टकला गृहस्थ चेंडू सोडतो, खुंट्या आडव्या होतात,
आणि खाली राखाडी पट्टीत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटीत:
माहिती उपलब्ध नाही.
माहिती उपलब्ध नाही.
पहाटेपर्यंत. उद्यापर्यंत. पुढच्या गुरुवारपर्यंत.

"दिसतंय ना पण?"
"मला दिसतंय. आर्वोला कसं दिसणार?"

आर्वो तिचा भाऊ, खनिज वाहणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी,
सहा आठवडे पाण्यावर, चार दिवस या सोफ्यावर.
रविवारचं बोलिंग यंत्र त्याच्यासाठी टिपून ठेवतं,
आणि नावाशिवाय यंत्राला काही टिपता येत नाही.
समोर घडतंय ते त्याच्या लेखी घडतच नाही,
यादीत असेल तेवढंच खरं.
असे कारकून मी पाहिले आहेत.

पिन कोड तपासतो. बरोबर.
घड्याळ चार मिनिटं मागे, ते पुढे करतो. काही फरक नाही.
मग चॅनेल नव्यानं शोधायला लावतो,
आणि यंत्र हवा चाळू लागतं,
चौदा, पंधरा, सोळा, काही नाही, सतरा,
काही नाही.
तोवर लेम्पी कॉफी ओतते, पाव कापते.
वेलचीचा वास. ती म्हणते, घाई करू नकोस त्याला.

सापडतं ते असं:
सत्तावीस पॉइंट तीन यादीत दोनदा आहे.
एक जुना. ज्या लहरीवरून स्टेशननं उन्हाळ्यातच बिऱ्हाड हलवलं, तिथला.
सिग्नल शून्य; पण चौदा दिवसांची नावं
रोज पहाटे न चुकता येऊन पडतात,
रिकाम्या घराच्या पेटीत टपाल पडावं तशी.
दुसरा नवा. सिग्नल ब्याण्णव,
आणि नाव ना गाव.

जित्याला नाव नाही, नावाला जीव नाही,
असं काहीतरी माझ्या तोंडाशी येतं.
गिळतो. तिला बोलिंग हवं आहे, सुभाषित नको.

दुरुस्ती म्हणाल तर एवढीच:
जुन्या ओळीतला क्रमांक उचलून नव्या ओळीत ठेवायचा.
मी एक आकडा चुकवतो,
आणि बोलिंगच्या डोक्यावर येऊन बसतात
सोयाबीनचे भाव, मग कुणाचं तरी प्रवचन.
लेम्पी हसते, पहिल्यांदाच.
पुन्हा टाकतो, आकडा आकडा पुटपुटत.

साडेसहा, हवामान.
सात, बोलिंग.
आठ, बोलिंग, मागच्या वर्षीचं.
चौकटी डावीकडून भरत जातात,
आणि ती चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला लावून
एकेक वाचते, दुकानाची पावती वाचावी तशी,
कुठे जास्त लावलेत का ते बघत.

आता जुनी ओळ पुसायची.
"थांब."
त्या ओळीला आर्वोनं स्वतःचं नाव दिलं होतं:
बोलिंग, एक अक्षर गाळून,
आणि पुढे, लेम्पी हात लावू नको.
दोन वर्षं तिनं लावला नव्हता.
"हेच नाव नव्याला देऊ?"
"दे. गाळलेलं अक्षर गाळूनच दे."

देतो. जुनी ओळ जाते, आवाजही होत नाही.
रविवारच्या सातवर लाल ठिपका उमटतो.

खाली कालव्याच्या तोंडाशी एक बोट भोंगा देते,
एक लांब, दोन आखूड.
लेम्पी कप विसळतेय, खिडकीकडे बघत नाही.
"आपली नव्हे ती," म्हणते,
आणि बोटीचं नाव सांगते.