लाघव : तीन

उर्मासनं आपला योद्धा घडवला तो
पै-पैचा हिशेब मांडून.
बळ अठरा. चिवटपणा अठरा.
कुऱ्हाड पेलण्यापुरती चपळाई,
आणि लाघव तीन.
"लाघव कशाला?" तो म्हणाला,
"त्यानं कुणी मरत नाही."

तार्तूतली नदी गोठली की आम्ही गुरुवारी जमतो
लॉण्ड्रीच्या तळघरात, ड्रायरवर मोजे वाळत टाकून.
काळा पाव, खारवलेले मासे, वीस बाजूंचे फासे.
दिवसा तो वजनकाट्यावर असतो, ओंडक्यांच्या ट्रकांपाशी.
भरलेला उणे रिकामा.
ड्रायव्हर खिडकीतून कागद सरकवतो, हा शिक्का मारतो,
बोलायचं काम पडत नाही.

त्याचा तक्ता मी पाहिलाय :
ही ढाल टाकून ती अंगठी घातली
तर दर घावाला सव्वादोन जास्त.
माझी बासरीवाली मात्र उधळी.
पोहायला शिकली, मधमाश्या पाळायला शिकली,
अजून एकदाही पाण्यात पडलेली नाही.
गळक्या नळाकडे पाहावं
तसा उर्मास तिच्याकडे पाहतो.

अकरा गुरुवार त्यानंच आम्हाला तारलं.
बाराव्याला लेलोनं एक दार मांडलं,
आणि दाराशी विणत बसलेली म्हातारी.
तिला मारलं तर दार कायमचं मिटणार.
आम्ही बाकीचे मागच्या दालनात
केव्हाच दगड होऊन पडलेलो.
"विचार तिला," लेलो म्हणाली.
"फासा टाकतो."
"आधी बोल. मग फासा."

ड्रायर थांबला. नाणं टाकायला कुणी उठलं नाही.
उर्मासचे कान लाल, नंतर मानही.
पावाचा चुरा बोटानं एका रेषेत लावत
शेवटी तो म्हणाला,
"अहो... लोकर कुठली आहे ही?"

फासा पडला : चार. त्यातून वजा चार.

दार उघडलं नाही.
आम्ही रात्री उशिरापर्यंत दगडच.
पण लेलोनं म्हातारीचं उत्तर दिलंच :
कुठल्या बेटावरची मेंढी,
रंग पक्का बसायला मीठ किती,
आणि हा मोजा कुणासाठी, ते आठवत नाही म्हणून
ती विणतेच आहे.
उर्मासनं पुढे विचारलं, "मीठ जाडं की बारीक?"

पुढच्या पातळीला मिळालेला एकुलता गुण
त्यानं लाघवात घातला. तिनाचे चार.
आमच्या नियमांत पाचापर्यंत काहीच फरक पडत नाही,
हे आम्हाला त्यानंच शिकवलेलं.
तक्त्यात कारणाचा एक रकाना असतो.
त्यात त्यानं पेन्सिलीनं लिहिलंय :
हातचा.