पाण्यात पाहणे

या खेळातला समुद्र म्हणजे नुसता वरचा पापुद्रा.
लाट आहे, लाटेवर तिरपं ऊन आहे,
तळसुद्धा आहे,
पोट नाही.
पाणबुडी बुडी मारते आणि खेळ तिला विसरून जातो.

म्हणून मी खोटं रचलं.
एक मालवाहू जहाज घेतलं, अदृश्य केलं,
ताशी सहा मैलांनी उत्तरेकडून खाली सोडलं,
भोवती दीड मैलाचं वर्तुळ आखलं.
कान लावणारे बॉय खेळात नव्हतेच;
त्यांच्या जागी प्रकाशगोळे टाकायचे आणि मानून घ्यायचं.
ट्रिगरला बजावलं: गोळा वर्तुळात पडला तर म्हण, संपर्क.
नाहीतर ताकास तूर लागू देऊ नकोस.

आन्डेनेसला नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो
तो जानेवारी अर्धा झाल्यावर येतो.
मासळीच्या कारखान्यातली माझी पाळी तीनला सुटते.
हातांचा वास जाईस्तोवर धुते, मग संगणक लावते.
शेजारचा ऑडमुंड येतो, बूट दाराशी काढतो,
जॉयस्टिक अशी धरतो
जणू कुणी त्याला दुसऱ्याचं मूल दिलंय.

तो कधीच वैमानिक नव्हता.
तेवीस वर्षं ओरायनच्या पोटात बसला,
कानांवर हेडफोन, समोर कागदावर सरकत्या रेघा.
एकमेकांना पाण्यात पाहायची सरकारी नोकरी,
पेन्शनसकट.

पाचव्या गोळ्याला संपर्क आला.
मी टाळी वाजवणार होते.
‘चूक,’ तो म्हणाला.
‘वेग बरोबर. खोली चालेल. शांतता चूक.’
खाली नर कॉड घुमतात म्हणे, माजावर आले की.
ट्रॉलरचे पंखे, दूरचं बर्फ,
ब्लाइकच्या दरीत देवमाशांची टकटक.
त्या सगळ्यातून एक रेघ वेचायची,
तांदळातून खडा वेचावा तशी,
आणि खडाही तांदळाच्याच रंगाचा.

तीन संध्याकाळी मी आवाज भरत बसले.
मामाच्या बोटीचं इंजिन. आमचा फ्रीज.
चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, ‘आत माणसं किती?’
मी फाइल उघडून पाहिली.
कर्मचारी: शून्य.

तो बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. साखर घेत नाही तो.
मग म्हणाला, शहाऐंशीचा फेब्रुवारी.
दोन तास रेघ नाही, काही नाही.
आणि एकदम पातेल्याचं झाकण.
कुणाच्या तरी हातून निसटलं,
कडेवर गरगरत, गरगरत, बसलं.
त्यानंतर तिथली शांतता वेगळी होती.
कुणीतरी श्वास धरलेली.
वर आम्ही अकराजण, आम्हीही.
‘नोंदवहीत झाकण लिहिलं नाही.
लिहिलं, क्षणिक आवाज, यांत्रिक.’

त्या रात्री मी स्वयंपाकघरात झाकण पाडलं.
तीनदा. तिन्हीदा ऐकू आलं की मुद्दाम पाडलंय.
चौथ्यांदा उचलताना खरंच निसटलं.
वरून आई ओरडली. तेवढं कापून टाकलं.

रविवारी तो परत आला.
दोनशे फुटांवर आला, गोळे ओळीत टाकले,
संपर्क.
आणि मग, इंजिनं, कॉड, फ्रीज यांच्याखालून,
ते.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
तेवीस वर्षांत एकदाही सोडला नव्हता,
तो टॉर्पेडो त्यानं सोडला.

रिकाम्या पाण्यातून धुराचा खांब उठला.
खेळाला एवढंच जमतं: बुडालेलंही वरच जळतं.
पडद्यावर हिरवी अक्षरं, मोहीम यशस्वी.
आवाज बंद करायचा मी विसरले होते.
धुराखाली झाकण पुन्हा पडलं,
गरगरलं, बसलं.
चाळीस सेकंद.
पुन्हा पडलं.

माझा हात माउसकडे गेला.
‘राहू दे,’ ऑडमुंड म्हणाला,
आणि इंधन संपेपर्यंत
डावीकडे कलून
घिरट्या घालत राहिला.