अडीच तासांचं ऊन

आमच्या परसात ऊन येतं पावणेनऊला,
विहिरीच्या काठावरून,
आणि सव्वाअकराला कायतानच्या नीरफणसामागे जातं.
मी घड्याळ लावून बघितलंय.
बोरी गावात उन्हाचा तोटा नाही,
आमच्या वाट्याला एवढंच.

"सावलीत साल्व्हिया?"
फोंड्याच्या नर्सरीवाल्याने चष्म्यावरून पाहिलं.
"न्या तांबडी. जगली तर तुमची, नाही तर मातीची."
बारा रोपं आणली, स्कूटरवर, दोन पायांत धरून.
चवथ होऊन गेली होती,
माटोळीची दोरी अजून आढ्याला तशीच.

इथली माती पाण्यात साबण, उन्हात वीट.
सुपारीची कुजलेली सालं मिसळली तिच्यात,
रेती, राख, आणि माझी पाठ.

रखमाआते कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.
"देवाला चालतं हे?"
माहीत नाही.
"फाती होते?"
होत नाही.
"वास?"
पान चुरडलं तर. थोडा.
"मग अबोली लाव गो. केसांत तरी जाईल कुणाच्या."

महिन्याभरात बाराही जणी एकीकडे कलल्या,
तिठ्यावर बसची वाट बघणाऱ्या बायकांसारख्या.
पहिला शेंडा खुडायचा असतो.
खुडला की खालून चार फुटतात,
हे ठाऊक असूनही नख पुढे जात नाही.
अकरांचे खुडले.
बारावीला म्हटलं, तू राहा तशी.

तीच आधी फुलली, सगळ्यांच्या वर,
एकटी, लाल,
आणि एका रात्री स्वतःच्याच ओझ्याने आडवी झाली.

मोडलेला देठ मामंजींच्या हातात दिला.
चाळीस वर्षं चित्रशाळेत माती मळलेली ती बोटं.
डोळ्यांत आता नुसतं धुकं.
त्यांनी देठ अंगठ्याखाली फिरवला,
थांबले, परत फिरवला.
"चौकोनी आहे.
तुळशीच्या गोतातली दिसते ही."
रखमाआते काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी न्हाणीतलं पाणी त्यांनीच वळवलं तिकडे.

आता पौषात अकरा जणी भरून आल्यात.
फूल दोन दिवसांत गळतं,
बाहेरची पिशवी तेवढी लाल राहते,
पाहुणे गेल्यावर न उचललेल्या चटयांसारखी.
दहाच्या सुमाराला शिंजीर येतो.
चोच आत घालतो, आणि आतून कुणी गंध लावावं
तसं त्याच्या कपाळाला पिवळं लागतं.
देवाला चालत नसेल. पाखराला चालतं.

मामंजींची खुर्ची मी तिथेच टाकते, दोन वाफ्यांच्या मधे.
ऊन असेपर्यंत बसतात.
गेलं की विचारतात, "किती?"
सव्वाअकरा, मी सांगते, रोज.

कायतानशी आमचं बोलणं नाही,
मेरेवरच्या दोन चिऱ्यांवरून, सतरा वर्षं.
फांदी मार म्हणून कोण सांगणार त्याला?

आज उठायला गेले तर उन्हाचा पट्टा
अजून शेवटच्या वाफ्यात लोळत होता.
"किती?"
अकरा वीस.

मामंजींनी तोंड तिकडे वळवलं, जिथे नीरफणस असतो.
"तरीच," म्हणाले,
"पहाटे कोयता वाजला.
मला वाटलं, फळं काढतोय."